सपाटीची पारख

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. सारा जन्म मुलांना अंकगणित व शुद्धलेखन शिकविण्यांत घालविलेल्या आणि स्वतः मॅट्रिकच्या परीक्षेपलीकडे फारसें न गेलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकानें डिझेल इंजिनाविषयीं बोलावें, हें अधिकाराबाहेरचें धाडस आहे, असें कोणी म्हटल्यास मी त्यांच्याशीं वाद घालणार नाहीं. पण या विषयांतील जें थोडें ज्ञान मला लाभलें, तें एका ठळक चुकीच्या मोबदल्यांत लाभलें; आणि चूक कोठें झाली हें दाखविणें तरी शिक्षकास येतें, असें मानण्यास हरकत नसावी.

काटोल तालुक्यांत आमची वडिलोपार्जित चार एकरांची संत्र्यांची बाग आहे. ती माझा पुतण्या पाहतो. मी निवृत्त झाल्यापासून नागपुरांत राहतों, परंतु उन्हाळ्याचे दोन महिने बागेंतच काढतों. विहिरीवर विजेचा पंप आहे, आणि वीज नसेल त्या वेळेसाठीं पांच अश्वशक्तीचें एक जुनें डिझेल इंजिन ठेवलेलें आहे. २०१९ सालच्या मे महिन्यांत गांवचें रोहित्र जळालें व वीज गेली. त्या वर्षीं विहिरीनें आधींच तळ गांठला होता. संत्र्याच्या अंबिया बहराचीं फुलें जानेवारी-फेब्रुवारींत येतात आणि फळें नोव्हेंबर-डिसेंबरांत उतरतात. मे महिन्यांत तीं लहान व हिरवीं असतात. नवतपा तोंडावर आलेला, ऊन ४५ अंशांच्या घरांत, अशा वेळीं पाणी तुटलें कीं झाड स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं प्रथम फळें टाकतें. मग पानें टाकतें, आणि त्यापुढें काय होतें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. नेमक्या त्याच आठवड्यांत आमच्या इंजिनाचें हेड गळूं लागलें.

हेड म्हणजे काय, हें शहरांतील गृहिणींना मी एका घरगुती उदाहरणानें सांगतों. आपला प्रेशर कुकर घ्या. त्याचें भांडें म्हणजे इंजिनाचा सिलिंडर, त्याचें झांकण म्हणजे हेड, आणि झांकणांतील रबरी रिंग म्हणजे दोहोंमध्यें बसणारें पॅकिंग. फरक इतकाच कीं, कुकरमध्यें दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोचा दाब असतो, तर डिझेल इंजिनांत तो ६० किलोंच्या घरांत किंवा त्याहूनही वर जातो. याचें कारण इंजिनाच्या रचनेंतच आहे. रुडोल्फ डीझेल या जर्मन संशोधकाचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें चाललें. त्यांत ठिणगीची योजना नव्हती. हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबानेंच तापावी, आणि त्या तापलेल्या हवेंत इंधनाचा फवारा सोडतांच त्यानें आपोआप पेट घ्यावा, हें त्याचें तत्त्व. आमच्यासारख्या इंजिनांत हवा आपल्या मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शांत कोंबली जाते व पांचशें अंशांच्या वर तापते. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, म्हणजे त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर तीन हजार किलो होतात. इंजिन मिनिटास दीड हजार फेरे करीत असेल, तर हा तीन टनांचा धक्का हेडला मिनिटास साडेसातशें वेळां बसतो. तो सोसून वायूला बाहेर फट मिळूं द्यावयाची नाहीं, हें काम एका पातळ पॅकिंगचें. आणि पॅकिंगला तें साधावें यासाठीं हेडची खालची बाजू निर्दोष सपाट असावी लागते.

ही सपाटी बिघडते ती बहुधा उष्णतेनें. गाळानें पाण्याची वाट तुंबली, अथवा पाणी तुटलें, कीं हेड अतोनात तापतें. अशा वेळीं घाबरून कोणी त्यावर थंड पाणी ओततो, आणि बिडाचा तो गोळा एकीकडे आकसून वांकतो किंवा तडकतो. नट एकाच बाजूनें आवळीत गेल्यासही तोच परिणाम होतो. आमच्याकडे विहिरींतील पाणी गाळावर आलें होतें. कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. लक्षणेंही ठरलेलीं होतीं. इंजिन हँडलनें फिरवितांना हातास पूर्वींसारखा विरोध लागेना, थंड करण्याच्या पाण्यांत बुडबुडे येऊं लागले, आणि तेल पाहावें तों तें ताकासारखें पांढुरकें.

पुतण्यानें हेड उतरविलें, जळालेलें पॅकिंग काढलें व नवें घातलें. दोन दिवसांत तेंही गेलें. तेव्हां तो मला म्हणाला, "मोठे बाबा, हेडच वांकलं असंल." मीं म्हटलें, "पाहूं या." माझ्या पेटींत शाळेंतील जुनी लांकडी फूटपट्टी होती. तीस वर्षें ती माझ्या हातांत होती. फळ्यावरील किती त्रिकोण तिनें काढले असतील याची गणती नाहीं. ती मीं हेडवर उभी धरली, पलीकडून पुतण्यास बॅटरीचा उजेड पाडावयास सांगितलें, आणि डोळा लावून पाहिलें. पट्टीखालून उजेडाची एक रेघही दिसेना. मीं परीक्षेचा निकाल सांगावा तशा स्वरांत सांगितलें कीं, हेड सपाट आहे, दोष पॅकिंगचाच आहे. पुतण्यानें माझ्या शब्दाखातर तिसरें पॅकिंग घातलें. तें एक दिवस टिकलें.

अखेर तालुक्याच्या गांवचे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं माझें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें, फूटपट्टी हातांत घेतली आणि विचारलें, "गुरुजी, पट्टी सरळ हाये, हे तुमाले कोनं सांगतलं ?"

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. त्यांनीं एक कागद मागितला. पट्टीच्या कडेनें त्यावर बारीक पेन्सिलीची एक रेघ ओढली; मग पट्टी पालथी करून तीच कड त्याच रेघेच्या दोन टोकांशीं लावली आणि दुसरी रेघ ओढली. कड सरळ असती तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या असत्या. त्या टोकांशीं मिळाल्या, पण मध्यें त्यांच्यांत जवासारखी बारीक फट राहिली. तीस वर्षें टोकाकडून घासून घासून माझी पट्टी मध्यें फुगीर झाली होती. हेड मध्यें खोलगट झालें होतें. फुगीर पट्टी खोलगट हेडांत नीट बसली, आणि दोन चुका एकमेकींस अशा जुळल्या कीं मला तें सत्य वाटलें !

श्रोतेहो, पट्टी तपासण्याची ही रीत कांहीं गुप्त विद्या नव्हे. भूमितीच्या पहिल्या धड्यांत मी ती दर वर्षीं मुलांना सांगत असें. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, म्हणून दोन रेघांत अंतर पडलें तर कड वांकडी, आणि पडलेलें अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असतें, हें मी तोंडपाठ म्हणून घेत असें. पण स्वतःची पट्टी मीं एकदांही उलटून पाहिली नव्हती.

मग मिस्त्रींनीं तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेली आपली पोलादी पट्टी काढली. ती हेडवर लांबींत, रुंदींत व दोन्ही कर्णांवर अशी आळीपाळीनें ठेवून तिच्याखालीं फिलर गेजचीं पातीं सरकवून पाहिलीं. फिलर गेज म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. मधल्या भागांत १५ शतांश मिलिमीटरचें पातें सहज आंत गेलें. माणसाचा केंस साधारणपणें ५ ते १० शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे दीड-दोन केंसांच्या खळग्यानें आमची बाग तहानेली ठेविली होती. एवढ्या लहान हेडला ५ शतांशांहून अधिक फरक चालत नाहीं, असें मिस्त्री म्हणाले.

येथें एक शंका सहज मनांत येते. माझी पट्टी मिस्त्रींच्या पट्टीवरून खोटी ठरली. मिस्त्रींची पट्टी कारखान्यांतील एखाद्या समपृष्ठावरून खरी ठरली असेल. मग तें समपृष्ठ कशावरून खरें ठरलें? हा प्रश्न गेल्या शतकाच्याही आधीं इंग्लंडांतील कारागिरांपुढें उभा होता. लंडनला मॉडस्ले यांच्या कारखान्यांत काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनपुढें याच विषयावर निबंध वाचला. जुन्या बोल्टांच्या आट्यांना आपले मिस्त्री अद्याप त्यांच्याच नांवानें ओळखतात. त्यांच्या रीतींतील युक्ति अशी आहे कीं, दोन पृष्ठें एकमेकांवर घासून कितीही जुळविलीं तरी तीं सपाट आहेत असें म्हणतां येत नाहीं. एक फुगीर व दुसरें खोलगट असूनही तीं अचूक जुळतात. म्हणून तिसरें पृष्ठ घ्यावयाचें. पहिल्याशीं दुसरें, दुसऱ्याशीं तिसरें आणि तिसऱ्याशीं पहिलें, असें रंग लावून ताडून पाहावयाचें, आणि जेथें रंग उठेल तो उंचवटा खरडावयाचा. पहिलें फुगीर असेल तर त्याच्याशीं जुळविलेलीं उरलेलीं दोन्हीं खोलगट होतील. आणि दोन खोलगट पृष्ठें एकमेकांवर ठेवलीं कीं केवळ कडांनाच टेकतील व चोरी उघडकीस येईल. तिन्हीं परस्परांशीं जुळूं लागलीं म्हणजेच तीं खरोखर सपाट. माझी पट्टी आणि आमचें हेड हीं दोन पृष्ठें होतीं. मिस्त्री तिसरें पृष्ठ घेऊन आले.

आतां प्रश्न उरला दुरुस्तीचा. शहरांतील कारखान्यांत सरफेस ग्राइंडिंगच्या यंत्रावर हें काम थोड्या वेळांत व उत्तम होतें, आणि तीच खरी योग्य वाट आहे. पण लग्नसराईचे दिवस, कामगार गांवीं गेलेले. चौकशी केली तर "आठ दिवसांनीं या" असें उत्तर मिळालें. आठ दिवस झाडें थांबणार नव्हतीं. मिस्त्री म्हणाले, "घरीच घासू. पन घाई कराची नाही."

प्रथम त्यांनीं हेड घासण्याच्या लायकीचें आहे कीं नाहीं, तें पाहिलें. व्हॉल्व व फवाऱ्याचें नोझल काढून हेड धुतलें, पुसलें, त्यावर रॉकेल चोळलें व कोरडें करून वरून खडूची भुकटी फासली. जेथें बारीक तडा असेल तेथें आंत मुरलेलें रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटते. विशेषतः दोन व्हॉल्वांच्या मधली जागा त्यांनीं वारंवार निरखली. रेघ उठली असती तर सारा खटाटोप व्यर्थ होता. तडकलेलें हेड घासून बरें होत नाहीं.

मग इतवारींतून १२ मिलिमीटर जाडीची काच आणविली. ही साधी काच सपाट कशी, असें आपण विचाराल. १९५९ सालीं पिल्किंग्टन यांच्या इंग्रज कारखान्यानें जी पद्धति जाहीर केली, तींत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत ठेवून थंड करतात. द्रवाचा पृष्ठभाग निसर्गतःच सपाट होतो, आणि ती सपाटी काचेंत उतरते. तरीही मिस्त्रींनीं तिच्यावर आपली पट्टी व पातीं फिरवून पाहिलींच. काच भक्कम मेजावर, ओल्या वर्तमानपत्राचे दोन थर अंथरून त्यांवर ठेविली. कारण खालीं आधार वांकडा असेल तर जाड काचही वजनानें किंचित वांकते.

काचेवर १२० नंबरचा एमरी पेपर पसरला, त्यावर रॉकेल शिंपडलें. हेडच्या पृष्ठावर पेन्सिलीनें उभ्याआडव्या रेघांची जाळी काढली, आणि तें पालथें घालून इंग्रजी आठाच्या आकड्याच्या वळणानें फिरवावयास आरंभ केला. येथें मुख्य पथ्य असें कीं, हातानें दाब द्यावयाचा नाहीं. हेडचें स्वतःचें वजनच पुरेसें असतें. हात एका बाजूस दाबला गेला कीं ती बाजू अधिक झिजते व कडा गोल होतात, आणि असलेला दोष जाऊन नवा येतो. ठराविक फेरे झाले कीं हेड पाव वळसा फिरवावयाचें, म्हणजे माणसाच्या हाताचा कल सर्व बाजूंस सारखा वांटला जातो. मधून मधून उचलून पाहावें तों कडेच्या रेघा पुसलेल्या व मधल्या तशाच काळ्या. त्या मधल्या काळ्या रेघा म्हणजे आमच्या दोषाचा नकाशाच होता. पुसावें, धुवावें, पुन्हा रेघा काढाव्या व पुन्हा फिरवावें. कागद बोथट झाला कीं बदलावयाचा. त्याच्यावरील एक कणही खालीं काचेवर राहूं द्यावयाचा नाहीं.

पुतण्या व मी आळीपाळीनें दोन दिवसांत मिळून सहा-सात तास हें काम केलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मधली शेवटची रेघ पुसली गेली. मला वाटलें, झालें. मिस्त्रींनीं पुन्हा रेघा काढल्या, २२० नंबरचा कागद घेतला व थोडे फेरे दिले. सगळ्या रेघा एकाच वेळीं फिकट झाल्या तेव्हां ते थांबले. पट्टीखालीं ५ शतांशांचें सर्वांत पातळ पातें कोठेंही शिरेना. ती पट्टीही त्यांनीं त्या आधीं कागदावर उलटून दाखविली. मीं विचारलें नव्हतें.

हेड सपाट झालें म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. जितकें लोखंड घासलें तितकें हेड खालीं आलें, आणि पिस्टन व हेड यांमधील जागा तितकी कमी झाली. ती मोजण्यासाठीं जुनेंच पॅकिंग घालून, पिस्टनच्या माथ्यावर मऊ शिशाच्या तारेचे तुकडे ठेवून हेड आवळलें, चाक हातानें सावकाश एक फेरा फिरविलें आणि पुन्हा उघडून चेपलेल्या तारेची जाडी मोजली. ती इंजिनाच्या पुस्तिकेंतील मर्यादेंत निघाली. तशी ती निघाली नसती, तर व्हॉल्व किंवा पिस्टन एकमेकांवर आदळून साऱ्या इंजिनाचा नाश झाला असता. सिलिंडरच्या बाजूचें पृष्ठही पट्टीनें तपासलें. तें ठीक होतें. तें बिघडलेलें असतें तर काचेवर घासतां येत नाहीं, आणि सिलिंडरच्या लायनरची जी किंचित वर आलेली कड असते तिला तर कानस लावणें हा मोठाच प्रमाद होय. ज्यांचें हेड लांबट, तीन-चार सिलिंडरांचें आहे, किंवा ज्याचा खळगा फार मोठा आहे, त्यांनींही घरीं हा उद्योग करूं नये. त्यांनीं यंत्राचीच वाट पाहावी.

शेवटीं हेड साबणाच्या पाण्यानें व रॉकेलनें इतकें धुतलें कीं पांढऱ्या फडक्यावर काळा डाग उठेना. एमरीचा एक कण आंत राहिला तर तो सिलिंडर खाऊन टाकतो. तेल बदललें. नवें पॅकिंग घालून नट समोरासमोरचे असे, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळले. व्हॉल्वांचें अंतर पुन्हा लावलें. तासभर चालवून, थंड झाल्यावर नट पुन्हा तपासले. पाण्यांत बुडबुडा नव्हता. सायंकाळीं पाटांतून पाणी वाहूं लागलें तेव्हां पुतण्या कांहीं बोलला नाहीं. मीही बोललों नाहीं.

या सर्वांत दहा दिवस गेले. चाळीसएक झाडांनीं सगळीं फळें टाकलीं, आणि सहा झाडें पुढें वाळलीं. दहांपैकीं निदान तीन दिवस माझ्या फूटपट्टीचे होते, हा हिशेब मीं पुतण्यास स्वतः सांगितला. तो म्हणाला, "जाऊ द्या, मोठे बाबा." पण अंकगणिताचा शिक्षक हिशेब जाऊं देत नाहीं.

शहरांत राहणाऱ्या आपणांस हेड घासण्याचा प्रसंग बहुधा येणार नाहीं. इमारतीच्या तळमजल्यावरील जनरेटरचें पॅकिंग दोनदां गेलें, तर तिसरें घालण्यापूर्वीं हेड तपासा, इतकें जरी आपण दुरुस्ती करणाऱ्यास सांगितलें तरी आजच्या भाषणाचा व्यावहारिक उपयोग झाला असें मी समजेन. त्याहून थोडी मोठी गोष्ट मला त्या मिस्त्रींनीं शिकविली. आपलें मत व समोरची वस्तु यांचा मेळ बसला कीं आपण निश्चिंत होतों. परंतु मेळ दोन चुकांचाही बसतो. म्हणून निकाल देण्यापूर्वीं हातांतील पट्टी एकदां उलटून पाहावी, आणि जवळ असेल तर तिसऱ्या माणसाचीही पट्टी मागून घ्यावी.

ती लांकडी फूटपट्टी मीं टाकलेली नाहीं. नागपूरच्या घरीं माझ्या मेजावर ती अजून आहे; तिच्यावर मीं शाईनें 'मध्यें फुगीर' असें लिहून ठेविलें आहे. नातवंडें तिचा उपयोग रेघा ओढण्यासाठीं करीत नाहींत, पण त्या दोन शब्दांचा अर्थ मात्र आवर्जून विचारतात, आणि मी तो सांगतों.